पहिल्या कम्युनियननंतर पुढे काय? मोठेपणी कॅथलिक श्रद्धा समजून घेताना

८ मे २०२५. आपल्याकडे रात्र झाली होती. व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि थोड्याच वेळात लिओ चौदावे हे नवे पोप झाल्याचं जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपुरात, सदरमध्ये पोह्यांच्या गाडीवरही तोच विषय होता.

"काहो ताई, तुमचा पोप कधी चुकतच नाही म्हणतात. खरं हाय काय?" पोह्यांवर तर्री ओतून घेत ऑफिसमधल्या एका दादांनी मला विचारलं. टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. मी म्हटलं, "तसं नाही हो, ते थोडं वेगळं आहे." लगेच दुसरा प्रश्न आला, "बरं, आणि तुमच्यात देव एक का तीन?" मी म्हटलं, "तेही जरा वेगळं आहे." वेगळं म्हणजे नेमकं काय, ते मला सांगता येईना. दादांनी समजूतदारपणे विषय बदलला.

मी जन्माने कॅथलिक. तान्हेपणी बाप्तिस्मा, चौथीत पहिलं कम्युनियन (मिस्सा या उपासनेतला ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेणं), नववीत कन्फर्मेशन. तेव्हापासून रविवार सहसा चुकलेला नाही. घरी संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना व्हायची, अजूनही होते. पण त्या सकाळी लक्षात आलं, की धर्माविषयीचं माझं शिक्षण नववीतच थांबलंय. मी हिशेबाचं काम करते. जीएसटी आला तेव्हा चाळिशी ओलांडली होती, तरी नवा कायदा पहिल्यापासून शिकले. देवाविषयी मात्र माझ्यापाशी चौदा वर्षांच्या मुलीची उत्तरं होती. बाबा गेले तेव्हाही ती पुरी पडली नव्हती. तेव्हा मी ते दुःखाच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते.

गेल्या काही महिन्यांत जे वाचलं, विचारलं आणि समजलं ते इथे मांडते आहे. माझ्यासारख्या कॅथलिकांसाठी, आणि त्या दादांसारख्या शेजाऱ्यांसाठीही.

धर्मशिक्षण मुलांचंच, हे आलं कुठून?

रविवारी चर्चमध्ये मुलांचा वर्ग भरतो. त्याला कॅटेकिझमचा वर्ग म्हणतात, मराठीत धर्मशिक्षण. प्रार्थना पाठ होतात, दहा आज्ञा पाठ होतात, मग पहिलं कम्युनियन. पुढे कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्म्यात मिळालेली कृपा पवित्र आत्म्याच्या दानाने बळकट करणारा संस्कार. घराघरांत मात्र त्याचा अर्थ 'वर्ग संपला' असा झालाय. फोटो निघतात, केक कापतात आणि वही माळ्यावर जाते.

पहिल्या काही शतकांत उलट होतं. शिकायला यायची ती मोठी माणसं. ती बराच काळ, कुठे कुठे दोन-तीन वर्षंसुद्धा, तयारी करत आणि ईस्टरच्या रात्री त्यांचा बाप्तिस्मा होई. यातली एक गोष्ट मला फार आवडते. चौथ्या शतकात जेरुसलेमचे सिरिल, मिलानचे अँब्रोज असे बिशप संस्कारांचा पुरता अर्थ संस्कार झाल्यानंतरच्या आठवड्यात उलगडून सांगत. आधी अनुभव, मग अर्थ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे व्हॅटिकनला भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेनंतर, १९७२ साली मोठ्यांच्या तयारीची ही जुनी वाट ख्रिस्तसभेने पुन्हा खुली केली. (ख्रिस्तसभा म्हणजे जगभरच्या कॅथलिकांचा सगळा समुदाय. पोपपासून आमच्या घरासमोरच्या काकूंपर्यंत सगळे त्यात आले.)

तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या आम्हा लोकांपाशी चाळीस-चाळीस वर्षांचा अनुभव आहे. अर्थ तेवढा उलगडायचा राहिलाय.

हे माझ्या मनचं नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली धर्मशिक्षणावर लिहिताना मोठ्यांचं शिक्षण हा त्याचा मुख्य प्रकार असल्याचं सांगितलं. ज्यांच्यावर जबाबदाऱ्या आहेत आणि ज्यांना पूर्ण समज आहे, त्यांच्यासाठी ते. विदर्भातल्या माणसाला मी असं सांगेन: जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला की कलम तयार होतं, आणि ते कलम खरं असतं. पण डोळा बांधला म्हणजे बाग उभी राहिली, असं कोणी म्हणत नाही.

"श्रद्धा आहे ना, मग समजून कशाला घ्यायची?"

हा आक्षेप मी घरातच ऐकला. आई म्हणाली, "आम्ही काही शिकलो नाही, तरी देवाने सांभाळलंच ना?"

आईचं चूक नाही. रोझरीचे मणी ओढत ती जे जाणते ते मला पुस्तकातून मिळणार नाही. पण समजून घेणं म्हणजे श्रद्धेची उलटतपासणी नव्हे. अकराव्या शतकातल्या अँसेल्म नावाच्या संताने यासाठी नेमके शब्द ठेवलेत: समज शोधणारी श्रद्धा. श्रद्धा आधी असते आणि तीच समज शोधायला निघते. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली बाई नवऱ्याच्या बालपणीच्या गोष्टी सासूला पुन्हा पुन्हा विचारते. त्याच्यावर संशय असतो म्हणून थोडीच विचारते? माणूस आपला आहे म्हणूनच त्याच्याविषयी जाणून घ्यावंसं वाटतं.

आणि नागपूरला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी वाचलं, तुलना केली, विचार केला. त्यांची वाट माझी नाही. पण धर्म मोठ्या माणसाने डोळे उघडे ठेवून स्वीकारायचा असतो, हे मी दीक्षाभूमीसमोरून रोज बसने जाताना शिकले आहे.

सुरुवात क्रीडपासून: एक शब्द आणि लाकडी नंदी

रविवारी मिस्सामध्ये प्रवचन झालं की आम्ही उभं राहून क्रीड म्हणतो. क्रीड म्हणजे विश्वासाचा अंगीकार, आम्ही काय मानतो त्याचं थोडक्यात निवेदन. माझी ती इतकी पाठ आहे की म्हणता म्हणता मी संध्याकाळच्या भाजीचा विचार करू शकते. म्हणून सुरुवात तिथूनच केली.

या मजकुराचा गाभा इसवी सन ३२५ मध्ये नायसिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत तयार झाला आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला तो पुरा झाला. नायसिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. २०२५ मध्ये त्या परिषदेला १७०० वर्षं झाली, म्हणून पोप लिओ नोव्हेंबरमध्ये तिथे जाऊन आले. ती बातमी आली तेव्हा आमच्याच चर्चमध्ये एकाने विचारलं, की एवढ्या जुन्या मीटिंगचं कौतुक कशासाठी?

तर त्या परिषदेत भांडण होतं ते येशू कोण, यावर. अलेक्झांड्रियाच्या अरियस नावाच्या धर्मगुरूचं म्हणणं होतं, की येशू फार थोर आहे, सगळ्या सृष्टीच्या आधीचा आहे, पण शेवटी देवाने निर्माण केलेलाच आहे. परिषदेने हे नाकारलं. क्रीडमध्ये म्हणून शब्द आले: पुत्र जन्मलेला आहे, घडवलेला नव्हे, पित्याशी तो एकाच तत्त्वाचा आहे.

'जन्मलेला' आणि 'घडवलेला' यांत असा काय फरक आहे? तान्हा पोळा आठवा. सुतार पोरांसाठी लाकडी नंदी करतो. शिंगं, वशिंड, चाकं, पाठीवर रंगीत झूल. नंदी कितीही देखणा झाला तरी तो लाकूड असतो आणि सुतार माणूस. सुताराचा मुलगाही त्याच्यापासूनच आलेला असतो, पण तो घडवलेला नाही, जन्मलेला आहे. म्हणून बाप जे आहे तेच मुलगाही आहे: माणूस. येशू देवाचा नंदी नाही, देवाचा पुत्र आहे, एवढं नायसियाने सांगितलं. (दृष्टांताची मर्यादाही सांगायला हवी. सुताराच्या घरी बाप आधी आणि मुलगा नंतर. देवाच्या बाबतीत आधी-नंतर नाही.)

आता दादांचा दुसरा प्रश्न. देव एकच. एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती. लहानपणी मला हे पाणी, बर्फ आणि वाफ असं सांगितलं होतं आणि मीही पुढे माझ्या मुलांना तेच सांगितलं. मोठेपणी वाचल्यावर कळलं, की हा दृष्टांतच चुकीचा आहे. त्यातून अर्थ निघतो, की एकच देव पाळीपाळीने तीन रूपं घेतो. तिसऱ्या शतकात सबेलियस नावाच्या माणसाशी जोडलं गेलेलं हे मत ख्रिस्तसभेने तेव्हाच नाकारलंय. ऑगस्टीन या संताने ठेवलेली वाट मला जास्त जवळची वाटते: प्रेम करणारा, ज्याच्यावर प्रेम आहे तो, आणि त्या दोघांमधलं प्रेम. प्रेम एकट्याने होत नाही. देव प्रेम आहे असं म्हणायचं, तर जग नव्हतं तेव्हाही त्याच्यात नातं असलं पाहिजे. गूढ यानेही संपत नाही. पण आता मी कशासमोर गुडघे टेकते ते मला थोडंफार ठाऊक आहे.

एक जाड पुस्तक, चार भाग

क्रीडनंतरचं मोठं साधन म्हणजे १९९२ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी जाहीर केलेला कॅथलिक कॅटेकिझम. २८६५ परिच्छेद आहेत. आकडा वाचून घाबरायला होतं, पण रचना समजली की भीती जाते. आम्ही काय मानतो, कशी उपासना करतो, कसे जगतो आणि कशी प्रार्थना करतो, असे चार भाग आहेत. पहिला भाग क्रीडवर, दुसरा सात संस्कारांवर, तिसरा मुख्यतः दहा आज्ञांवर, चौथा प्रार्थनेवर; आणि 'आमच्या बापा' या प्रार्थनेच्या विवेचनाने शेवट. शब्दकोश आपण पहिल्या पानापासून वाचत नाही, तसं हेही वाचायचं नाही. प्रश्न पडला की सूची बघायची आणि तो परिच्छेद काढायचा. २००५ साली ५९८ प्रश्नोत्तरांची छोटी आवृत्ती आली. वेळ कमी असेल तर ती पुरे.

सगळं सारख्या वजनाचं नसतं

मला सगळ्यात जास्त उपयोग याच गोष्टीचा झाला, म्हणून जरा थांबून सांगते.

लग्न लागायला काय लागतं? वधू-वर, त्यांची संमती, विधी. पंगतीत पुडाची वडी असावी ही आपल्याकडची रीत. वडी नसली तर मामा वर्षभर बोलतील, पण लग्न लागलेलं असतं. श्रद्धेतही अशा पायऱ्या आहेत, आणि आपण बहुतेक जण वडी आणि संमती एकाच ताटात वाढतो.

सगळ्यात वर सिद्धांत: देवाने प्रकट केलेलं सत्य, जे ख्रिस्तसभा कायमचं मानते. येशू मेलेल्यांतून उठला, हे तिथलं. त्याखाली अधिकृत शिकवणीच्या इतर पायऱ्या आहेत. मग शिस्तीचे नियम, जे बदलू शकतात. फादरांनी लग्न करायचं नाही, हा आपल्या लॅटिन परंपरेतला शिस्तीचा नियम आहे. पूर्वेकडच्या काही कॅथलिक परंपरांत विवाहित पुरुषाला धर्मगुरू होता येतं. सगळ्यात खाली चालीरीती आणि भक्तीचे प्रकार: कोणत्या संताची नऊ दिवसांची प्रार्थना, मेणबत्त्या किती, मिरवणूक कुठून.

हे ठरवतं कोण? बायबल, प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा आणि पोपसह बिशपांचा शिकवण्याचा अधिकार, ही तिन्ही एकत्र चालतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की हा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे. सिव्हिल लाइन्समधलं हायकोर्टाचं खंडपीठ डोळ्यांसमोर आणा. न्यायाधीश संविधानाचा अर्थ सांगतात. संविधान ते लिहीत नाहीत.

आता पोह्यांच्या गाडीवरचा पहिला प्रश्न. पोप चुकत नाही, हा सिद्धांत पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० साली मांडला, पण अटी घालून. पोपने सगळ्या ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ या नात्याने, श्रद्धा किंवा नीतीच्या विषयावर, संपूर्ण ख्रिस्तसभेने मानावी अशी अंतिम घोषणा केली, तरच तो लागू होतो. १८७० नंतर अशी गंभीर घोषणा एकदाच झाली: १ नोव्हेंबर १९५० ला पायस बारावे यांनी, येशूची आई मारिया हिला देहासह स्वर्गात घेतलं गेलं याविषयी. विमानात पत्रकारांना दिलेली उत्तरं, राजकारणावरचं मत, बिशपांच्या नेमणुका यांत पोप चुकू शकतात. आणि न चुकणं म्हणजे पाप न करणं नव्हे. मार्च २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस सेंट पीटर्समध्ये सगळ्यांच्या देखत एका साध्या धर्मगुरूसमोर गुडघे टेकून पापनिवेदन करताना दिसले होते.

दादांना मी हे नंतर सांगितलं. ते म्हणाले, "हे तर कोणी सांगतच नाही."

सातबारा आणि अभंग

दुसरी मोठी अडचण बायबलची. जग सहा दिवसांत झालं असं त्यात आहे आणि मुलांच्या पुस्तकात महास्फोट. मुलगा अकरावीत असताना त्याने मला विचारलं, "दोन्हींतलं खरं कोणतं?" मी तेव्हा रागावले. आज त्याची क्षमा मागावीशी वाटते.

कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत. त्यांत कविता आहे, वंशावळ आहे, कायदा आहे, पत्रं आहेत, दृष्टांतकथा आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची सूचना अशी, की लेखकाला काय म्हणायचं होतं ते शोधताना लेखनप्रकार बघा. सातबारा आपण जसा वाचतो तसा तुकोबांचा अभंग वाचत नाही. 'अणुरेणुया थोकडा' वाचून कोणी मोजपट्टी काढत नाही, म्हणून तो अभंग खोटा ठरत नाही. उत्पत्तीचा पहिला अध्याय जग कसं झालं याचा पंचनामा नाही. जग कोणाचं आहे आणि ते चांगलं आहे, हे तो सांगतो. विश्व एका बिंदूतून प्रसरण पावलं ही कल्पना मांडणाऱ्यांतले अग्रणी जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. उत्क्रांती ही नुसत्या गृहीतकापेक्षा जास्त आहे, असं जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये म्हटलं. मुलगा आता पुण्याला असतो. लमेत्र यांच्याविषयी त्याला मी फोनवर सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ बोलत राहिला.

मोठेपणी बायबल हाती घेतल्यावर काय होऊ शकतं, याची एक गोष्ट आपल्या स्टेशनाशी जोडलेली आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो नेटाने वाचायला घेतला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना तो खाली ठेववेना. दोन वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते प्रॉटेस्टंट पंथात गेले, कॅथलिक नव्हेत. पण तिशी ओलांडलेल्या मराठी कवीने मत्तयाचे ते तीन अध्याय ज्या भुकेने वाचले, ती भूक मला रविवारी बाकावर बसून कधी लागली नव्हती. तीच तीन प्रकरणं, पाच ते सात, मी पहिल्यांदा सलग वाचली ती वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी.

"जास्त वाचलं की श्रद्धा उडते"

भीती खोटी नाही. वाचायला लागले तेव्हा पहिले दोन महिने मलाही प्रार्थना कोरडी वाटायची.

माझ्या मैत्रिणीच्या वडिलांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. डिसेंबरअखेर गेलो तर झाडं मलूल, पानांची चमक गेलेली. मी म्हटलं, "काका, पाणी नाही का?" त्यांनी एक पान तोडलं, बोटांत चुरगाळून पाहिलं आणि म्हणाले, "पाणी हाय. देत नाही. ताण देऊन राहिलो." आंबिया बहार धरायचा तर झाडाचं पाणी काही आठवडे तोडावं लागतं. मग पाणी दिलं की झाड फुलतं. ताणच दिला नाही तर नुसती पानं वाढतात. आणि जास्त झाला तर झाड वाळतं, म्हणून काका रोज जमीन हातात घेऊन बघत होते.

मला माझे ते दोन महिने तिथे समजले. मदर तेरेसांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून कळलं, की त्यांनी कित्येक वर्षं असा कोरडेपणा सोसला. २०१६ मध्ये त्या संत म्हणून जाहीर झाल्या. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज विचारवंत जॉन हेन्री न्यूमन यांनी लिहिलंय, की दहा हजार अडचणींची मिळून एक शंका होत नाही. हिशेब जुळत नाही ही अडचण. पैसे खाल्लेत असं ठरवून बसणं ही शंका. पहिलीवर काम करता येतं. न्यूमन स्वतः अँग्लिकन धर्मगुरू होते. वर्षानुवर्षं अभ्यास करून १८४५ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, ते कॅथलिक झाले. १ नोव्हेंबर २०२५ ला त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून मान मिळाला.

पण ताणात एकटं राहू नये. विचारायला कोणीतरी हवं: फादर, सिस्टर, शेजारी. मोबाइलवरचे व्हिडिओ झाड वाळवू शकतात.

ख्रिस्तसभेच्या चुकांचं काय?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. गॅलिलिओवर अन्याय झाला. धर्मगुरूंकडून मुलांचं लैंगिक शोषण झालं आणि कित्येक ठिकाणी वरिष्ठांनी ते झाकलं. आपल्या देशात तर बाप्तिस्म्याच्या पाण्यानेही जात धुतली गेली नाही अशा जागा आहेत.

क्रीडमध्ये आम्ही 'पवित्र' ख्रिस्तसभा म्हणतो. हे पावित्र्य ख्रिस्ताचं आहे, आमच्या वागण्याचं प्रमाणपत्र नाही. मार्च २००० मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. चौदाव्या वर्षी मला वाटायचं, की फादरांविरुद्ध बोलणं म्हणजे देवाविरुद्ध बोलणं. आता वाटतं, अन्याय दिसताना गप्प बसणं हे देवाविरुद्ध आहे. श्रद्धा समजून घेण्याचा माझ्यावर झालेला हा सगळ्यात ठोस परिणाम.

"आम्ही साधी माणसं, हे फादरांचं काम"

फादरांच्या अभ्यासासाठी सेमिनरी हिल्स आहे. त्या टेकडीला नाव मिळालं तेच तिथल्या सेमिनरीमुळे. पण सदरमधलं आपलं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे ते सेंट फ्रान्सिस डी सेल्स साध्या माणसांसाठीच लिहीत. सोळाव्या शतकाच्या शेवटी आज फ्रान्समध्ये असलेल्या शाब्ले प्रांतात लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा ते शिकवण सोप्या भाषेत कागदावर लिहून दारांच्या फटींतून आत सरकवत. म्हणून ते पत्रकारांचे आश्रयदाते संत झाले. १६०९ मध्ये त्यांनी संसारी माणसांसाठी भक्तीचं पुस्तक लिहिलं. सैनिकाची, कारागिराची, संसार करणाऱ्या बाईची भक्ती साधूच्या भक्तीसारखी नसते, आणि कमीही नसते, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्या नावाच्या संघाचे मिशनरी इथे आले, १८८७ मध्ये नागपूरचा धर्मप्रांत झाला. शाळेच्या फाटकावर 'एसएफएस' ही अक्षरं मी हजारदा वाचली असतील. त्यामागचा माणूस मला आत्ता भेटला.

मराठीचं म्हणाल, तर इंग्लंडचे फादर स्टीफन्स गोव्याला आले आणि लोकांना वाचायला पुराण हवं म्हणून त्यांनी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं. १६१६ साली ते छापून झालं. मराठीतून मोठ्यांना श्रद्धा समजावून देण्याची परंपरा चारशे वर्षांची आहे.

सुरुवात मी एवढीच केली: शनिवारी रात्री दुसऱ्या दिवशीच्या मिस्साचा शुभवर्तमानातला (येशूच्या चरित्रातला) उतारा वाचायचा आणि एक प्रश्न वहीत लिहायचा. दहा मिनिटं लागतात.

गुरुवारी संध्याकाळी

आता दर गुरुवारी सातला चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही आठ-दहा जण बसतो. प्लास्टिकच्या खुर्च्या, खडखडणारा कूलर, कॅटेकिझमची एक इंग्रजी प्रत. एक जण वाचतो, मी मराठीत सांगते, केरळचे काका हिंदीत.

आमच्यात एक आजी येतात. चार महिने त्यांनी काही विचारलं नाही. बदलू शकणारं काय आणि न बदलणारं काय, हे आम्ही बोलत होतो त्या दिवशी त्या म्हणाल्या, "माझं पहिलं लेकरू दोन दिवसांचं होऊन गेलं. बाप्तिस्मा नव्हता झाला. तेव्हा मला सांगितलं, ते स्वर्गात नाही जात, मधेच राहते." त्या गोष्टीला चोपन्न वर्षं झाली होती.

खोलीत कोणी बोललं नाही. काकांनी सूची पाहिली, पान काढलं. त्या मधल्या जागेला लिंबो म्हणत. तो कधीच सिद्धांत नव्हता, धर्मपंडितांचं एक मत होतं. परिच्छेद सांगतो, की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपवते. सगळ्यांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, आणि लेकरांना माझ्याकडे येऊ द्या, असं येशू म्हणाला. म्हणून त्यांच्यासाठीही तारणाची वाट आहे अशी आशा धरता येते.

मी मराठीत सांगितलं. आजी म्हणाल्या, "परत सांग." मी परत सांगितलं. मग त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, वही काढली आणि काकांना विचारलं, "नंबर काय याचा?"

"एक हजार दोनशे एकसष्ट."

त्यांनी तो सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहून घेतला.